क्लब दीडला का बंद होतो, आणि लोक सकाळी अकराला कॉफी पिऊन का नाचतायत?

६ डिसेंबर २०२५, शनिवारची रात्र. गोव्यात हडफडे गावात, म्हणजे पाट्यांवर जे आर्पोरा लिहिलेलं असतं तिथे, एका नाईटक्लबला मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली आणि २५ माणसं गेली. त्यातले ५ पर्यटक, बाकीचे २० तिथे काम करणारे, कुणी झारखंडहून आलेलं, कुणी उत्तराखंडहून, कुणी नेपाळहून, सगळे पोटासाठी. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच भांडण, एका बाजूला "बंद करा हे सगळे क्लब" आणि दुसऱ्या बाजूला "मग तरुणांनी मजा करायचीच नाही का". मला दोन्हीतून काही कळेना, कारण त्याच महिन्यात दुसऱ्याही बातम्या येत होत्या, सनबर्न नावाचा मोठा संगीत महोत्सव गोवा सोडून मुंबईत आला, कॅफेत भर दिवसा डीजे लावून लोक कॉफीवर नाचतायत, आणि पोरं तिकीट काढून भजनाला जातायत ज्याला भजन क्लबिंग म्हणतात. मग नाईटलाईफ वाढतंय की संपतंय?

माझा मावसभाऊ लोअर परळला एका क्लबमध्ये बारवर आहे, सहा वर्षं झाली. त्याला विचारून विचारून आणि नियम वाचून जेवढं समजलं तेवढं इथे सोपं करून लिहितेय. शक्यतो मुंबई, पुणे आणि गोव्याबद्दलच.

कायद्यात "नाईटक्लब" असं काही नसतंच

पहिल्यांदा हेच समजून घ्यायला हवं. आपण ज्याला क्लब किंवा पब म्हणतो ती सरकारच्या दृष्टीने एक खोली आहे जिच्यावर वेगवेगळ्या खात्यांचे कागद लागलेत. दारू द्यायची परवानगी राज्य उत्पादन शुल्क खात्याची, आपण ज्याला एक्साईज म्हणतो ते, त्यांच्या लायसन्सला एफएल-३ म्हणतात. खाण्याचा परवाना पालिकेचा, गाणी-कार्यक्रमाचा पोलिसांचा, आगीची एनओसी फायर ब्रिगेडची, आणि जी गाणी वाजतात त्यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना वेगळे पैसे. एकत्र कुटुंबातल्या कपाटाला चार कुलपं आणि चार किल्ल्या चार काकांकडे असाव्यात तसं आहे हे, प्रत्येक काका आपलं कुलूप नीट आहे का एवढंच बघतो, कपाटात काय चाललंय ते कुणीच उघडून बघत नाही.

आणि यातली सगळ्यात जुनी किल्ली दारूची. आपल्याकडचा कायदा मुळात दारूबंदीचा आहे, १९४९ चा, तो रद्द झालेला नाही, फक्त त्यात सवलती दिल्या गेल्या. "परमिट रूम" हा शब्द तिथूनच आला, कारण महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला आजही परमिट लागतं, ५ रुपयांत एका दिवसाचं, १००० रुपयांत आयुष्यभराचं. बीअरसाठी वय २१, हार्ड दारूसाठी २५. हे वयाचे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

म्हणजे रात्रीबद्दलचे आपले बरेचसे नियम दारूकडे बघून बनलेत. रात्री एकत्र जमलेल्या माणसांकडे बघून फार थोडे बनलेत. माझा सगळा जीव या मुद्द्यात अडकलाय.

धंदा आठवड्यातल्या सहा तासांचा

क्लबवाले लुटतात असं आपण बिल बघून म्हणतो, मीही म्हटलंय. पण गणित बघा. भाडं तीस दिवसांचं, पगार तीस दिवसांचा, गर्दी मात्र शुक्रवार आणि शनिवार. त्यातही लोक येतात साडेदहानंतर आणि मुंबईत परमिट रूमला दीडची वेळ असल्याने सव्वाला शेवटची ऑर्डर. म्हणजे एका रात्रीत जेमतेम तीन तास, आठवड्यात सहा. आकाशकंदीलवाला जसं दिवाळीच्या चार दिवसांत वर्षाचं भाडं काढायला बघतो तसं यांचं दर आठवड्याला चालतं.

त्यात खर्च वाढले. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट २०२३ च्या नोव्हेंबरात ५ वरून १० टक्के झाला, २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्कही चढलं, आणि त्या वर्षी १४ जुलैला राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस शटर खाली ठेवलं होतं ते याच्यासाठीच.

मग पैसा कुठून काढायचा, तर टेबलातून. पूर्वी क्लब म्हणजे मधे नाचायची मोकळी जागा आणि कडेला चार खुर्च्या. आता टेबल आधीच बुक करायचं, त्यावर कमीत कमी अमुक हजारांची ऑर्डर घ्यायची. दारात कव्हर चार्ज असतो, म्हणजे आत शिरतानाच पैसे भरायचे आणि ते आत खाण्यापिण्यात वळते होतात. एकट्या पुरुषाला, ज्याला स्टॅग म्हणतात, जास्त कव्हर किंवा सरळ नकार, मुलींना बुधवार-गुरुवारी फुकट, कारण ते दिवस रिकामे जातात आणि मुली आल्या की मागून पैसे देणारी गर्दी येते असा हिशोब. मला हा हिशोब अजिबात आवडत नाही, मुलींना आमिषासारखं वापरणं आहे ते, पण तो चालतो.

भाऊ म्हणाला, "ताई, मी लागलो तेव्हा मधला फ्लोअर मोकळा होता, आता तिथे आठ टेबलं आहेत, लोक टेबलाला टेकून उभ्या उभ्या नाचतात आणि अर्धा वेळ व्हिडिओ काढतात." डान्स फ्लोअर आक्रसला असं जे सगळीकडे म्हणतात ते हे. आणि हे फक्त आपल्याकडे नाही, बर्लिनसारख्या शहरात, जिथल्या टेक्नो संगीताला २०२४ मध्ये जर्मनीने सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तिथे त्याच वर्षाच्या शेवटी वॉटरगेट नावाचा मोठा क्लब बंद झाला, वाढलेलं भाडं आणि कमी झालेली गर्दी ही कारणं. वारसा म्हणून नाव लागलं तरी भाडं भरावंच लागतं.

आता या सहा तासांच्या धंद्याचा एक परिणाम असा की त्या तीन तासांत जेवढी माणसं आत घेता येतील तेवढी घ्यायची. शंभराच्या जागेत दोनशे. इथून पुढचा विषय सुरू होतो आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आग लागल्यावर बहुतेक माणसं भाजून नाही, धुराने जातात

२९ डिसेंबर २०१७, लोअर परळचं कमला मिल कंपाऊंड, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. गच्चीवरच्या दोन रेस्टॉरंटना आग लागली, १४ लोक गेले, आणि त्यातले बरेच जण वॉशरूममध्ये सापडले, गुदमरून. त्यानंतर राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली कारण हुक्क्याच्या निखाऱ्यावर संशय होता. ब्राझीलमध्ये सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ ला एका क्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने आग लागली, २४२ जण गेले, आणि तिथेही माणसं टॉयलेटकडे धावली होती, बाहेरचा दरवाजा समजून.

असं का होतं? क्लबमध्ये मुद्दाम अंधार असतो, खिडक्या झाकलेल्या असतात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना फोम किंवा कापड असतं, छताला फॉल्स सीलिंग, सजावटीला झावळ्या, बांबू, प्लास्टिकची पानं. हे सगळं पेटतं आणि पेटल्यावर काळा विषारी धूर सोडतं. गाण्याच्या आवाजात पहिली ओरड ऐकूच येत नाही. वर माणसाची सवय अशी की तो जिथून आत आला तिकडेच पळतो, दुसरा दरवाजा दहा पावलांवर असला तरी त्याला तो माहीत नसतो. २०१७ मध्येच २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली होती, कमला मिलपासून ती जागा फार लांब नाही, आणि तिथे आग नव्हती, फक्त एक अरुंद जिना आणि एकाच वेळी आलेली गर्दी. क्लबमध्ये तोच जिना असतो आणि वर धूर असतो.

हडफड्याला आत आतषबाजी केल्याने आग लागली असं तपासात सुरुवातीपासून पुढे आलं. याला या धंद्यात पायरो म्हणतात, टेबलावर महागडी बाटली आली की ठिणग्यांचा फवारा सोडतात ना, ते. आपण दिवाळीला अनार अंगणात लावतो, देवघरात लावत नाही, एवढीच अक्कल लागते यात. तिथे काम करणारे कितीतरी जण तळघरात अडकले, आणि रस्ता इतका चिंचोळा होता की बंब दूर उभे करावे लागले.

एक माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. मागच्या वर्षी पुण्यात एका मैत्रिणीच्या निरोपाला गच्चीवरच्या पबमध्ये गेलो होतो आम्ही. वॉशरूमकडे जाताना हिरव्या दिव्याचा एक्झिट दिसला, खाली दरवाजा, आणि दरवाज्यासमोर बीअरचे क्रेट छातीपर्यंत रचलेले, वर दोन उंच स्टुलं उलटी ठेवलेली. कडीला कुलूप. वेटरला विचारलं तर तो पोरगा बिचारा हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मागून लोक फुकट घुसतात आणि बिल न देता जातात म्हणून वरून सांगितलंय." म्हणजे कुलूप लावण्याचं कारण चोरी. मी परत येऊन खुर्चीवर बसले तेव्हापासून माझं लक्ष फक्त जिन्याकडे, तो एकच होता, आणि लिफ्ट, जी आगीत वापरायची नसते.

कायदा आहे. महाराष्ट्रात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे, त्यात अशा जागांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आग विझवायची सगळी यंत्रणा चालू आहे असा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचा असतो, त्याला बी फॉर्म म्हणतात. पण तो दाखला जुलैतल्या एका दुपारचा असतो, क्रेट शनिवारी रात्री रचले जातात. तपासायला माणूस शनिवारी रात्री साडेअकराला यायला हवा.

आवाजाचं गणित, आणि गच्चीवरचे पब

रहिवाशांचं म्हणणं काय आहे ते आता बघू, कारण पुण्यातलं कल्याणीनगर असो, कोरेगाव पार्क असो की गोव्यातलं हणजूण-वागातोर, तिथल्या माणसांची तक्रार खरी आहे, आणि "तुम्हाला तरुणाई बघवत नाही" असं म्हणून ती उडवून लावणं मला चुकीचं वाटतं.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. या मापाची गंमत अशी की १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, २० वाढले की शंभरपट. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. क्लबच्या आत सहज शंभरच्या आसपास असतो. मधल्या पन्नासेक डेसिबलचा फरक भिंतींनी आणि अंतराने अडवायचा असतो. बारीक आवाज अडतात पण बेस, म्हणजे तो खालचा धप धप, अडत नाही. गणपतीत दोन गल्ल्या पलीकडे डीजे लागला की गाणं कुठलं ते कळत नाही पण आपल्या खिडकीची काच आणि कपाटातली भांडी वाजतात, तेच. तान्हं बाळ किंवा हार्टचा पेशंट घरात असलेल्याला ते दर शनिवारी सहन करायला सांगणं हा अन्याय आहे.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, अपवाद फक्त चारी बाजूंनी बंद जागेचा. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं, ते बहुतेक दिवस आपल्या सणांना जातात. म्हणजे भिंतींच्या आतला क्लब दीडपर्यंत वाजवू शकतो, गच्चीवरचा दहानंतर नाही. आता गच्चीवर ताडपत्री किंवा सरकतं छप्पर टाकून "बंद जागा आहे" असं म्हणायचं, यावरून अर्धी भांडणं आहेत. गोव्यात पाळोळ्याला यावर छान उपाय निघाला, सायलेंट पार्टी, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, समुद्राचा आवाज तसाच आणि लोक नाचतायत.

मग कॉफी आणि भजन कुठून आलं?

आता सगळे तुकडे जोडून बघा. दारू दिली की एफएल-३ लागतं, दीडला बंद करावं लागतं, २१ च्या आतल्याला बीअरसुद्धा देता येत नाही. स्पीकर बाहेर लावला तर दहाला बंद. पण दारू नसेल आणि वेळ सकाळी अकराची असेल तर? दारूचं लायसन्स नको, रात्रीचा आवाजाचा नियम लागू नाही, वयाची अट नाही. अठरा ते एकवीस वयाच्या पोरांना डीजेवर नाचायला ही जवळपास एकमेव सरळ जागा उरते. शिवाय घरी "कॅफेत जातेय" असं सांगता येतं, परत यायला लोकल असते, कोल्ड कॉफीचे तीनशे आणि दारूचे तीन हजार हा फरक असतो, आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नाही.

हल्लीची मुलं सात्त्विक झाली म्हणून हे झालं असं कुणी सांगितलं तर पूर्ण पटत नाही मला. काही खरंच पित नाहीत, सकाळी रनिंग ग्रुपला जातात, पण नियमांनी आणि खर्चानेही त्यांना तिकडे ढकललंय. त्यात १ ऑक्टोबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने जीआर काढून स्पष्ट केलं की दुकानं, हॉटेलं २४ तास उघडी राहू शकतात, दारू देणाऱ्या जागा सोडून. म्हणजे आज बिनदारूचा कॅफे पहाटे चारला चालू असू शकतो आणि समोरचा पब दीडला बंद. पुढच्या काही वर्षांत रात्रीचा धंदा या फटीतून वाढेल असं मला वाटतं, वाचनाचे कॅफे, बोर्ड गेम, रात्रीचे खाण्याचे अड्डे, भजनाचे कार्यक्रम, सगळं.

"पण ही आपली संस्कृती नाही"

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं म्हणून. मावशीच्या गावी मालवणजवळ दशावतार रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, म्हाताऱ्या गोधड्या घेऊन बसतात आणि पोरं मागे चहाच्या टपरीवर. लग्नानंतर जागरण-गोंधळ रात्रभर असतो. कोजागिरीला अख्खी बिल्डिंग गच्चीवर दूध आटवत जागी असते. भजन क्लबिंग बघून आमच्या आजीला एवढंच विचारावंसं वाटलं असतं की तिकीट कशाला.

आणि ज्या मिल कंपाऊंडमध्ये आज क्लब आहेत ते गिरणगाव तर रात्री झोपायचंच नाही. तिसऱ्या पाळीला साचे चालू असायचे, खानावळी उघड्या, पाळी सुटलेली माणसं तमाशाला नाहीतर भजनाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या मोडल्या, आणि त्याच जमिनीवर वीस-पंचवीस वर्षांनी डिस्को लाईट लागले. तिथे नाचायला जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण तिथे रात्री काम करणारी पोरं बघितली की मला वाटतं तिसरी पाळी अजून आहेच, फक्त युनियन नाही.

"उशिरापर्यंत उघडं ठेवलं तर गुन्हे आणि अपघात वाढतील"

ही भीती खोटी नाही. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरना उडवलं, चालवणारा १७ वर्षांचा होता आणि आधी पबमध्ये जाऊन आला होता. त्यानंतर पुण्यात पबवर धडाधड कारवाई झाली. पण नीट बघितलं तर तिथे बिघडलं काय? अल्पवयीन मुलाला दारू मिळाली, त्याच्या हातात गाडी मिळाली. क्लब दीडऐवजी साडेबाराला बंद केला असता तर यातली एकही गोष्ट बदलली नसती. दारात वय तपासणं आणि रस्त्यावर श्वास तपासणं, या दोन गोष्टींनी बदलली असती. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्यांदा पकडल्यास १०,००० रुपये दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही.

२०२० च्या जानेवारीत मुंबईत मॉल आणि मिल कंपाऊंडसारख्या वस्ती नसलेल्या जागा रात्रभर उघड्या ठेवायचा निर्णय झाला होता, दारू दीडपर्यंतच. दोन महिन्यांत कोविड आला, त्यामुळे तो प्रयोग नीट बघायलाच मिळाला नाही. माझं मत विचाराल तर वस्तीपासून लांबच्या जागांना वेळ वाढवून द्यावी आणि वस्तीतल्या गच्च्यांना दहा म्हणजे दहाच. आज सगळे एकाच वेळी, दीडला, रस्त्यावर येतात, तेव्हा शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली चारनंतर. ॲम्स्टरडॅममध्ये रात्रीचा महापौर म्हणून एक माणूस असतो, क्लबवाले, रहिवासी आणि पालिका यांच्यात बोलणं घडवून आणायला. आपल्याकडे चार किल्ल्या असलेल्या चार काकांना एका टेबलावर बसवणारं असं कुणीतरी हवंय.

आत गेल्यावर तुम्ही काय बघाल

दुसरा दरवाजा कुठे आहे ते विचारा, आणि शक्य झालं तर तिथपर्यंत चालत जाऊन बघा. तिथे क्रेट असतील तर निघा, कव्हरचे पैसे गेले तरी चालतील. आत पायरो लावताना दिसलं तरी तेच. आवाजाची किंवा गर्दीची तक्रार करायची तर ११२ ला फोन करा.

मावसभावाची दीडला पाळी संपते पण ग्लास, हिशोब, बर्फाची पेटी साफ करून निघायला अडीच होतात. मग लोअर परळच्या प्लॅटफॉर्मवर बसायचं, पंख्याखालचं बाकडं मिळालं तर झोप, आणि चारनंतरच्या पहिल्या विरारने नालासोपारा. हडफड्याची बातमी आली त्या आठवड्यात त्याने त्यांच्या किचनमागचा दरवाजा स्वतः मोकळा करून घेतला, मॅनेजरशी वाद घालून. आता मालकाने रविवारी सकाळी कॉफी पार्टी सुरू केलीय, अकरा ते तीन, आणि भाऊ त्या कामाला लागलाय. त्या दिवशी दुपारी चारच्या लोकलने उजेडी घरी पोचतो, मावशी खूश आहे. टिप मात्र शनिवारच्या पावही मिळत नाही, म्हणून त्याने शनिवारची रात्र अजून सोडलेली नाही.